मीटरभर खोलीचं नाणं दाखवणारं मशीन आपल्या काळ्या रानासाठी बनलेलंच नाही



गेल्या महिन्याभरात पेजवर कापूस-तुरीपेक्षा जास्त मेसेज एकाच विषयाचे आलेत. "नाना, काळ्या जमिनीत खोलवरची नाणी धरणारं मेटल डिटेक्टर कोणतं घ्यावं?" एकेकाला उत्तर देऊन बोटं दुखायला लागली, म्हणून आज एकदाच सविस्तर लिहितो. काहींना राग येईल. येऊ द्या.

निमित्त आमच्या शेजारच्या वस्तीवरचं आहे. चार पोरांनी वर्गणी काढून नव्वद हजारांचं मशीन आणलं. एकाने त्यात पीककर्जातले पैसे घातले, म्हणजे खताचे पैसे घातले. खोक्यावर छापलंय "खोली ३ मीटर". तीन आठवडे रात्री बॅटऱ्या लावून पांढरीच्या रानात खड्डे घेतले. निघालं काय? नांगराच्या फाळाचा तुकडा, बैलाचे नाल, गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटलीची झाकणं आणि ढीगभर काळे दगड. आता पोरं म्हणतात मशीन हलकं निघालं, दीड लाखाचं घेतलं की नक्की सापडेल.

पोरांनो, पहिलं मशीन हलकं निघालं म्हणून तुम्ही फसला नाहीत. तुम्ही फसलात ते खोलीचा आकडा बघून मशीन घेतलं म्हणून, आणि दीड लाखवालं घेताना पुन्हा तीच चूक करणार आहात. माझं म्हणणं सरळ आहे. मशीन निवडायचं असेल तर आपली माती बघून निवडा, आणि आपली माती नीट बघितली की खोल नाण्याचा नाद आपोआप सुटतो.

आधी माती बघा

एक प्रयोग घरी करा. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कोरड्या, चाळलेल्या मातीतून फिरवा. पिशवीला काळी बारीक भुकटी चिकटेल. पाऊस उघडल्यावर रानातल्या ओघळीत काळ्या वाळूच्या रेघा दिसतात, त्यातही हीच भुकटी असते. तिला मॅग्नेटाइट म्हणतात, म्हणजे लोहाचं चुंबकी खनिज. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, झिजून ही माती झालीय आणि बेसॉल्टमध्ये हे खनिज मुळातच भरपूर असतं. कोकणातल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत लोह आणखी वेगळ्या रूपात आहे. ती मशीनला काळीइतकीच, कधी काळीपेक्षाही जास्त छळते.

आता मशीन काय करतं ते समजून घ्या. खालच्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारांचे वेढे असतात. त्यातून बदलता चुंबकी प्रभाव जमिनीत जातो. धातू भेटला की त्यात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह फिरतात, त्यांचा उलटा चुंबकी प्रभाव वर येतो आणि तो कॉइलला कळतो. मशीन जमिनीत बघत नाही, ते फक्त हा परतीचा क्षीण आवाज ऐकतं.

नाण्यासारख्या छोट्या वस्तूचा हा आवाज खोलीबरोबर भयानक वेगाने घटतो. जाताना अंतराच्या घनाने घटतो आणि परत येतानाही घनाने, म्हणजे एकूण सहाव्या घाताने. खोली कॉइलच्या आकाराच्या मानाने वाढली की ढोबळ हिशेब असा: खोली दुप्पट, तर आवाज चौसष्टावा हिस्सा. खोली तिप्पट, तर सातशे एकोणतिसावा हिस्सा. मशीनची ताकद दुप्पट केली तरी खोली जेमतेम बोटभर वाढते. दीड लाखाचं मशीन नव्वद हजाराच्या दीडपट खोल जात नाही, ते एवढ्यासाठी.

आणि ज्या मातीतून हा क्षीण आवाज येतो ती माती स्वतः ओरडत असते. ती कॉइलला खेटून असते आणि नाणं खाली लांब असतं. लग्नातल्या डीजेजवळ उभं राहून शिवारापलीकडच्या माणसाची हाक ऐकायची, तसा हा प्रकार आहे.

माझी चाचणी

मी ऐकीव सांगत नाही. गेल्या साली पेरणीआधी माझ्याच रानात चार ठिकाणी घरातले जुने चांदीचे रुपये आणि तांब्याचे पैसे पुरले. एक जागा खोल काळ्या जमिनीत, एक मुरमाड माळावर, एक नदीकाठच्या पोयट्यात आणि एक पांढरीत. प्रत्येक ठिकाणी १०, १५, २०, २५ आणि ३० सेंटिमीटरवर. माती दाबून पावसाळा जाऊ दिला, म्हणजे खड्ड्याची माती बसली. मग वाफशावर दोन मशीन मागून आणली. एक स्वस्तातलं, एका फ्रिक्वेन्सीवर चालणारं. दुसरं मधल्या किमतीचं, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं.

इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, सुमारे ३० मिलिमीटर रुंद. नाण्यांमध्ये मशीनला सगळ्यात सोपं गिऱ्हाईक म्हणायचं ते हेच. काळ्या जमिनीत स्वस्त मशीनने तो १० सेंटिमीटरला स्वच्छ दाखवला, १५ला कुरकुर केली, २०ला गप्प. महागड्याने १५ला स्वच्छ दाखवला. २०ला आवाज दिला, पण पडद्यावरचा आकडा लोखंडाकडे उड्या मारत होता. २५ला दोन्ही मुकी. पोयट्यात तेच मशीन २५ला स्पष्ट बोललं. म्हणजे मशीन नादुरुस्त नव्हतं, माती अवघड होती. तांब्याचा छोटा पैसा काळ्या जमिनीत कुठेच १५च्या खाली ओळखीचा आवाज देईना.

ही एका रानातली, दोन मशीनची गोष्ट आहे. तुमच्याकडे दोन बोटं इकडेतिकडे होईल, पण वितीचा हात होणार नाही.

पांढरीतला निकाल मलाही अनपेक्षित होता. तिथे मशीन काळ्या रानापेक्षा जास्त बडबडलं. कारण नंतर कळलं. पांढर म्हणजे जुन्या गावाची माती. शेकडो वर्षांच्या चुली, राख, जळालेल्या भिंती आणि भाजलेली खापरं तिच्यात मिसळलेली. माती भाजली की तिच्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि तिचा चुंबकी गुण वाढतो. खापराचा मोठा तुकडासुद्धा मशीनला धातूसारखा भासू शकतो. म्हणजे जिथे नाणं असण्याची आशा जास्त, तिथेच मशीनचा गोंधळ जास्त.

विकणाऱ्याच्या चार युक्त्या

पहिली युक्ती हवेतली चाचणी. दुकानात कॉइलसमोर नाणं हलवून दाखवतात, "बघा, फूटभरावरून धरलं!" हवेत मॅग्नेटाइट नसतं, भाऊ. हवेतला फूट आपल्या जमिनीत वीतभर उरला तरी नशीब समजा.

दुसरी युक्ती मापातली चलाखी. "तीन मीटर" हा आकडा नाण्याचा नसतोच, तो पिंपाएवढ्या धातूचा असतो. मोठ्या चौकटीची किंवा दोन पेट्यांची मशीन खरोखर असतात आणि ती मोठी वस्तू बरीच खोलवर ओळखतात. पण तीच मशीन सुट्या नाण्याला दाद देत नाहीत. कॉइल मोठी केली की ती जास्त माती ऐकते आणि छोटी वस्तू त्या कोलाहलात हरवते. पिंपाची खोली आणि नाण्याचा फोटो एकाच खोक्यावर छापतात, यालाच मी फसवणूक म्हणतो.

तिसरी युक्ती "लोखंड सोडतं, फक्त सोनं दाखवतं". उथळ आणि स्वच्छ जमिनीत मशीन धातूचा अंदाज देतं, हे खरं. खनिजी मातीत खोलवरचं नाणं मात्र लोखंडासारखं दिसायला लागतं, वर माझ्या रुपयाचं झालं तसं. तुम्ही लोखंड बंद करून ठेवलं की ते खोल नाणंही बंद होतं. आणि सोन्याचा असा खास आवाज नसतो. सोन्याची छोटी वस्तू, शिशाचा तुकडा आणि गुटख्याच्या पुडीतला चमकता पत्रा हे मशीनला जवळजवळ सारखेच. आपल्याकडच्या सातवाहनांची पुष्कळ नाणी तर शिशाची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची. ती ऐकायला मुळात अवघड.

चौथी युक्ती सगळ्यात वाईट. पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे हलणारी अँटेना. "शंभर मीटरवरून दिशा दाखवतं" म्हणे. यात मशीन नसतंच, तुमच्या मनगटाची नकळत होणारी हालचाल असते. असलंच एक खेळणं एडीई ६५१ नावाने बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकलं गेलं, तपासनाक्यांवर वापरलं गेलं आणि त्याच्या भरवशावर माणसं मेली. विकणारा जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. आपले आजे पायाळू माणसाला रानात फिरवायचे, आपण अँटेना फिरवतो. पायाळू माणूस निदान जेवणावर भागवायचा.

मग घ्यायचंच असेल तर?

घेऊ नका असं सरसकट म्हणणार नाही. रोटाव्हेटरचं पातं, पडलेली पिन, वखराची पास, गोठ्यातल्या चाऱ्यात गेलेली तार यासाठी साधं मशीन कामाचं आहे. गायीच्या पोटात तार गेली की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. म्हणून काय बघावं ते लिहितो.

एक, जमिनीशी जुळवणी, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, हाताने करता आली पाहिजे. कॉइल जमिनीवर वरखाली करायची आणि मातीचा आवाज मिटेपर्यंत बटण फिरवायचं. आपल्या रानात वीस पावलांवर काळी संपून मुरूम लागतो, पुढे चुनखड. तिथे पुन्हा जुळवावं लागतं. आपोआप जुळवणारी सोय चांगली, पण ती कधीकधी क्षीण आवाजालाही माती समजून गिळते.

दोन, कॉइल लहान घ्या. खनिजी आणि कचऱ्याच्या जमिनीत लहान कॉइल कमी माती ऐकते आणि दोन खिळ्यांमधलं नाणं वेगळं काढते. मोठी कॉइल म्हणजे जास्त खोली, हे पोयट्यात खरं. काळ्या रानात बऱ्याचदा उलटं होतं.

तीन, संवेदनशीलता कमी ठेवा. पोरं बटण शेवटपर्यंत पिळतात, मग मशीन दर पावलाला किंचाळतं. डीजेचा आवाज वाढवून हाक ऐकू येत नसते.

चार, अनेक फ्रिक्वेन्सीचं मशीन खारपाण पट्ट्यात उपयोगी आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या जमिनीत क्षार आहेत. ती माती ओली झाली की स्वतःच वीज वाहते आणि एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला फसवते. तिथे जादा पैशाचा काही उपयोग होईल. मॅग्नेटाइटच्या त्रासावर मात्र त्याने थोडाच फरक पडतो, चमत्कार नाही.

पाच, पल्स इंडक्शन नावाचा प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातल्या लोहखनिजी जमिनीत सोन्याचे गोळे शोधायला तो वापरतात. आपल्या मातीत इतरांपेक्षा तो खोल जातो, हे मी मान्य करतो. पण लोखंड आणि नाणं यातला फरक तो भरवशाने सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड माळावर ते चालतं. आपल्या रानात दोनशे वर्षांचे खिळे, नाल, साखळ्या आहेत. तिथे दर चार पावलांना गुडघाभर खड्डा घ्यावा लागेल.

सहा, झटका मशीन, मोटारीचा स्टार्टर आणि वरची विजेची लाइन यांच्याजवळ चाचणी करू नका. कुंपणाचा झटका दर सेकंदाला मशीनमध्ये ठोका देतो आणि पोरांना वाटतं हंडा बोलतोय.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला आपल्या रानात बोलवा. आदल्या दिवशी दहा खड्डे घेऊन बुजवा, पाचांतच नाणी ठेवा. कुठे ठेवली ते त्याला कळू देऊ नका. त्याने सांगितलेली खोली आणि खड्डे जुळले तर मशीन घ्या. आला नाही तर उत्तर मिळालंच.

"खोल म्हणजे जुनं" हाही गैरसमज

काळ्या जमिनीचा स्वभाव कृषी सहायकाला विचारा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कुठे कुठे मीटरभर खोल. पावसात ती फुगते आणि मिटते. वरची माती भेगांतून खाली, खालची दाबाने वर. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. गेल्या वर्षी हरवलेलं पाच रुपयांचं नाणं भेगेतून दोन हात खाली जाऊ शकतं आणि जुनं नाणं पृष्ठभागावर येऊ शकतं. त्यात ट्रॅक्टरची नांगरट वीतभर माती दरसाल उलटीपालटी करते. म्हणूनच जुनं नाणं बहुतेक वेळा मशीनवाल्याला नाही, पहिल्या पावसानंतर खुरपायला गेलेल्या बाईला सापडतं. तिच्याकडे मशीन नसतं, फक्त नजर असते.

आता खरं दुखणं

इथपर्यंत पैशाचा हिशेब झाला. पण समजा, मशीन चाललं आणि सापडलं. मग?

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. सातवाहनांनी नहपानाचं राज्य घेतलं याचा एवढा ठसठशीत पुरावा त्या साठ्याने दिला. का दिला? कारण साठा एकत्र मोजला गेला. किती साधी, किती ठसा मारलेली, हे कळलं. तीच नाणी बाजारात चार-चार करून विकली असती तर आपल्याच मुलुखाच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला झाडाची मुळं खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ सापडला. साठ किलोंवर वजन. मोडीत गेला असता तर तांब्या-पितळेची भांडी झाली असती.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला लिहीत नाही. १९८६ साली आमच्या विहिरीच्या कामात एक लोटा निघाला. आत हिरवी पडलेली तांब्याची नाणी, शिवराई असावीत. वडिलांनी चिंचेने घासून दोन पाहिली, बाकीची किलोवर मोडीत घातली. का? कारण गावात सगळे म्हणाले, "सरकारला कळलं तर जमीन जाईल." आलेल्या पैशात एक स्प्रे पंप आला. पंप कधीच भंगारात गेला. विहिरीच्या जागी, त्या खोलीवर, कुणी आणि कधी तो लोटा ठेवला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो, ती पोती मीच सायकलवर नेली.

म्हणून कायदा काय आहे तेही लिहितो, कारण भीती अर्धवट माहितीची असते. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. जमिनीत लपलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. काय, किती, कुठे, कधी सापडलं ते लिहायचं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तशी हमी द्यायची. मूळ मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. सरकारला ठेवायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लपवायला मदत करणाऱ्या जमीनमालकाला सहा महिने. एक लोटा कळवला म्हणून जमीन जप्त होते, असं या कायद्यात कुठेही नाही. हंड्यासाठी अघोरी पूजा, बळी असले प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळा लागतो.

पण दोष एकट्या शेतकऱ्याला देणार नाही. कळवायला गेलेल्या माणसाला तीन टेबलं फिरवायची, पोच द्यायची नाही, उलट "अजून किती दडवलंय?" विचारायचं, हा अनुभव असेल तर कोण जाईल? आणि पाचवा हिस्सा वर, तोही धातूच्या किमतीवर! शिशाच्या सातवाहन नाण्याची धातूची किंमत काय येणार, चहासुद्धा नाही. इंग्लंडात १९९६ साली नवा कायदा केला, पुढच्या वर्षी सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना आणली. बाजारभावाने बक्षीस ठरतं, शोधणारा आणि शेतमालक बहुधा निम्मं निम्मं वाटून घेतात, नोंद करायला शिकलेला माणूस नेमलेला असतो. तिथला शेतकरी वस्तू दडवत नाही याचं कारण प्रामाणिकपणा कमी-जास्त हे नाही, तिथे कळवणं परवडतं. "इंग्लंडात सगळे मशीन घेऊन फिरतात" म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही सांगावी. शिवाय शेतमालकाच्या परवानगीशिवाय तिथेही रानात पाय ठेवता येत नाही.

आपल्याकडे उलटं होतं. मार्च २०२५ मध्ये 'छावा' सिनेमानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या रानांत लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन मुघली मोहरा शोधायला तुटून पडले. शेतं कुणाची? तुमच्या-आमच्यासारख्यांची. खड्डे कुणी बुजवले असतील? खड्ड्यात पाय जाऊन मोडला तर तो बैलाचा मोडतो, डिटेक्टरवाल्याचा नाही.

माझं मत

काळ्या आणि पांढऱ्या रानात खोल नाण्यासाठी मशीन घेणं म्हणजे खताचे पैसे खड्ड्यात घालणं. लोखंड शोधायला हवं असेल तर पाच घरांत मिळून एक साधं मशीन घ्या, लहान कॉइलचं, हाताने जुळवता येणारं. अँटेनावाला दारात आला तर चहासुद्धा पाजू नका.

नांगरताना, खुरपताना काही निघालं, तर थांबा. चिंच, राख, लिंबू लावू नका, घासू नका. जागेवरच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. किती खोल, कोणत्या मातीत ते लिहा. दोन शेजारी साक्षीला घ्या आणि अर्ज करा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका. पोच मिळत नसेल तर मला मेसेज करा, मी सोबत येतो. एकदा मोडीत नेऊन टाकलंय, आता सरकारदरबारी न्यायला लाज नाही.

आणि ज्या पोरांना अजून वाटतं की दीड लाखाचं मशीन चालेल, त्यांना उघड निमंत्रण. माझ्या रानात नाणी अजून पुरलेलीच आहेत, जागा फक्त मला माहीत. रविवारी सकाळी या, मशीन आणा, विकणाऱ्यालाही आणा. ३० सेंटिमीटरवरचा रुपया काळ्या रानात तीनदा सलग दाखवला, तर ही पोस्ट मी काढून टाकीन आणि रुपया तुमचा. नाही दाखवला, तर निदान खताचे पैसे वाचवून घरी जा. तुरीला अजून वेळ गेलेली नाही.